हवापालट करायला इंग्लंडात: स्पा-गावांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेले होते की आमच्या लेमिंग्टन स्पामध्ये नदीकाठी एक उतार आहे आणि तिथे एके काळी सर्कशीतले हत्ती आंघोळीला उतरायचे. झालं, पत्रंच पत्रं! पण गंमत म्हणजे हत्तींबद्दल एकाच मुलाने विचारलंय, बाकी सगळ्यांना ‘स्पा’ ह्या शब्दाने गोंधळात टाकलंय, कोणाला वाटतंय इथे मसाज मिळतो, कोणाला वाटतंय गरम पाण्याची कुंडं आहेत, एका बाईंनी तर पोहण्याचा ड्रेस कुठून घ्यावा हेही विचारलंय. मी २००७ पासून ह्या गावात राहतेय, त्यामुळे जेवढं अंगावर काढलंय तेवढं सांगते. स्पा म्हणजे औषधी मानल्या जाणाऱ्या पाण्याच्या झऱ्याचं गाव, एवढंच. आणि हो, स्पेलिंग बघून लीमिंग्टन म्हणू नका, लेमिंग्टन. नदीचं नाव लेम.

ताई, नमस्कार. मिस्टरांना मोटारीची कंपनी दोन वर्षांसाठी लेमिंग्टनजवळच्या गेडनला पाठवतेय, मुलगा सहा वर्षांचा आहे. एजंटने लेमिंग्टनमधल्या एका घराचे फोटो पाठवलेत, पांढरे खांब, उंच उंच खिडक्या, अगदी राजवाडा. भाडं नवीन कॉलनीतल्या घराएवढंच सांगतोय. मला फार आवडलंय पण मिस्टर नको म्हणतात. घ्यावं का? (पिंपरी-चिंचवडहून एक वाचक)

आधी एक, फोटो बघून एक पैसासुद्धा भरू नका. आणि दुसरं, सॉरी, पण मी मिस्टरांच्या बाजूने आहे.

फोटो खोटे नाहीयेत हो. परेड म्हणजे आमचा मेन रोड, त्याच्या मागच्या गल्ल्यांत शिरलात की अशी घरं ओळीने उभी आहेत, लोखंडी नक्षीच्या गॅलऱ्या वगैरे, मी अजूनही कधी कधी मान वर करून बघत उभी राहते. पण ही घरं कोणासाठी बांधली ते बघा. १७८४ पर्यंत हे लेमिंग्टन प्रायर्स नावाचं छोटंसं खेडं होतं. खाऱ्या पाण्याचा एक झरा आधीपासून माहीत होता, त्या वर्षी बेंजामिन सॅचवेल आणि विल्यम अबट्स ह्या दोघांना दुसरा सापडला, दोन वर्षांत अबट्सने आंघोळीची सोय करून पैसे घ्यायला सुरुवात केली, मग १८१४ मध्ये नदीच्या उत्तरेला पंप रूम्स, म्हणजे झऱ्याचं पाणी प्यायची आणि आंघोळीची इमारत, उघडल्या आणि गावाचं नशीबच पालटलं. पैसेवाली आजारी माणसं यायला लागली, पाठोपाठ आजारी नसलेली पैसेवाली पण यायला लागली. १८३८ मध्ये व्हिक्टोरिया राणीने गावाला ‘रॉयल’ लावायची परवानगी दिली. आपल्याकडे गव्हर्नर माल्कमने महाबळेश्वर वसवलं ते १८२८ च्या आसपास, म्हणजे दोन्हीकडे एकाच वेळी एकच खूळ, हवापालट. तर ही घरं सीझनला येणाऱ्या पाहुण्यांसाठी होती, खोलीगणिक कोळशाची शेगडी, आणि पहाटे उठून ती पेटवायला मोलकरीण. आता मोलकरीण नाही, धुराडं बहुतेक बुजवलेलं, अख्ख्या घराचे मजल्यागणिक फ्लॅट केलेले आणि छत मात्र तेवढंच उंच. सगळी ऊब वर जाते आणि आपण खाली शालीत.

त्यातली बरीचशी घरं सरकारी वारसा यादीत आहेत, म्हणजे मालकाला मनात आलं म्हणून डबल काचेच्या खिडक्या बसवता येत नाहीत, परवानगी लागते. त्यामुळे जुनी वर-खाली सरकणारी लाकडी खिडकी, एकच काच, फटीतून वारा.

माझंच सांगते. आम्ही आलो तेव्हा असाच एक फ्लॅट घेतला, एजंट कधी तळघर म्हणत नाही बरं का, ‘लोअर ग्राउंड’ म्हणतो, नाहीतर ‘गार्डन फ्लॅट’ म्हणतो. सप्टेंबरमध्ये सुंदर वाटला. नोव्हेंबरपासून माझी सकाळ अशी सुरू व्हायची की एक जुना टॉवेल घेऊन खिडक्यांच्या काचा आतून पुसायच्या आणि तो टॉवेल सिंकमध्ये पिळायचा, चहाचा कप भरेल एवढं पाणी निघायचं, रोज. जानेवारीत एका लग्नाला जायचं म्हणून पलंगाखालची बॅग ओढली, आईने दिलेली पैठणी त्यात होती, उघडली तर ओल्या गोणपाटाचा वास आणि काठावर राखाडी ठिपके. मग कपाट सरकवलं तर मागची भिंत कमरेपर्यंत काळी. मालकाला फोन केला तर म्हणाला, तुम्ही जेवण फार शिजवता, वाफेने होतं ते. आता भात वाफेशिवाय कसा करायचा ते त्याने सांगितलं नाही.

त्यामुळे घर बघायला जाल तेव्हा कपाट सरकवायला सांगा, लाजू नका. कोपऱ्यात नाक लावून वास घ्या. नुकताच रंग दिलेला असेल तर जास्त संशय घ्या. घराचं एनर्जी सर्टिफिकेट मागा, ए ते जी ग्रेड असते आणि साधारणपणे ई च्या खालचं घर भाड्याने देता येत नाही, पण ई म्हणजे पण गारच समजा, सी मिळालं तर उत्तम. हीटिंग गॅसच्या बॉयलरवर आहे की विजेच्या स्टोरेज हीटरवर ते विचारा, विजेचं असेल तर बिलं बघून डोळे पांढरे होतील. स्वयंपाकघराला बाहेर वाफ टाकणारा पंखा आहे का बघा, नाहीतर पहिल्याच फोडणीला स्मोक अलार्म बोंबलेल. आणि तळघर नकोच, नदी जवळ असेल तर अजिबातच नको, १९९८ च्या ईस्टरला लेमला पूर आला होता त्याच्या आठवणी इथले जुने लोक अजून काढतात.

डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, २०१९ चा कायदा आहे, आणि ते ३० दिवसांच्या आत सरकारमान्य स्कीममध्ये ठेवून तुम्हाला तसा कागद द्यावा लागतो. बंगळूरसारखं दहा महिन्यांचं वगैरे इथे नाही. राहायला गेल्या दिवशी प्रत्येक खोलीचे, प्रत्येक डागाचे फोटो काढा आणि एजंटला मेल करून ठेवा. काउन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टीच म्हणा, भाड्यात धरलेला नसतो, तो वेगळा, घर कोणत्या बँडचं ते आधीच विचारा म्हणजे नंतर भांडण नको.

कुठे बघायचं? गेडनला जाणारी बरीचशी आपली मंडळी वॉरिक गेट्स, हीथकोट, व्हिटनॅश ह्या बाजूला राहतात. दिसायला काही नाही, सगळी घरं एकसारखी विटांची, हिंजवडीच्या रो-हाउससारखी, पण भिंतीत इन्सुलेशन असतं, गाडी दारात लागते आणि एम-४० हायवे जवळ. गेडनला गाडीशिवाय रोज जाणं कटकटीचं आहे, घरात एकच गाडी असेल तर ती मिस्टर नेणार हे धरूनच घर निवडा, म्हणजे शाळा आणि दुकान तुम्हाला चालत जाता आलं पाहिजे. शाळेचा अर्ज वॉरिकशर काउंटी काउन्सिलकडे करायचा, आणि जवळच्या शाळेत जागा मिळेलच असं नाही हे मनाशी ठेवा, सप्टेंबरच्या आधी पोचलात तर निदान वर्षाची सुरुवात तरी सापडेल.

आणि राजवाडा बघायचाच असेल तर रविवारी परेडवर फिरायला या ना. फुकट आहे.

आम्ही दोघं ६६ आणि ६३ वर्षांचे. मे महिन्यात मुलीकडे लेमिंग्टनला येतोय. माझे गुडघे दुखतात, दर वर्षी वज्रेश्वरीला जाऊन कुंडात बसतो, फार बरं वाटतं. लेमिंग्टनच्या स्पामध्ये असं कुंड आहे का? नसल्यास बाथला जाऊ, तिथे रोमन कुंडात किती वेळ बसू देतात? (ठाण्याहून एक वाचक)

काका, लेमिंग्टनला नाही हो. इथलं पाणी मुळात गरम नाहीच, गार आणि खारट. पंप रूम्सची इमारत मस्त आहे पण आता आत लायब्ररी, म्युझियम, कॅफे आणि पर्यटकांची माहिती खिडकी. जुन्या तुर्की हमामची खोली जपून ठेवलीये, घुमट, रंगीत विटा, बघण्यासारखी आहे, पण फक्त बघायची. इंग्लंडात गावाच्या नावात स्पा असलं म्हणजे पाणी गरम असतं असं नाही, हॅरोगेट, चेल्टनहॅम सगळीकडे गारच, बक्स्टनचं कोमट म्हणजे २८ डिग्रीच्या आसपास, आणि खरं गरम, वाफा येणारं, ते बाथचं. ४६ डिग्री. पावसाचं पाणी हजारो वर्षं जमिनीत खोल मुरून तापून वर येतं म्हणतात, आणि दिवसाला ११ लाख ७० हजार लिटर येतं. म्हणजे तिथे अजून कोणी बोअर मारून संपवलेलं नाही हे विशेष.

पण नीट वाचा, रोमन बाथमध्ये बसता येत नाही. बसायचं सोडा, हात पण बुडवायचा नाही. ते हिरवं पाणी फोटोत दिसतं ना, ते शेवाळामुळे, उघडं पाणी, कुठलीही प्रक्रिया नाही, शिशाचे रोमन पाइप अजून तिथे आहेत. १९७८ मध्ये ह्याच झऱ्याच्या पाण्यात पोहलेली एक मुलगी अमिबाच्या मेंदूच्या संसर्गाने गेली, तेव्हापासून आंघोळ बंद. तुम्ही तिकीट काढून आत जाता ते दोन हजार वर्षांपूर्वीचं स्थान बघायला, आणि ते मात्र जरूर बघा. रोमन लोकांनी तिथल्या जुन्या देवीला आपल्या मिनर्व्हाशी जोडून सूलिस मिनर्व्हा केली, आपल्याकडे ग्रामदेवतेला पार्वतीचं रूप म्हणतात तसंच. आणि तिच्या कुंडात लोक शिशाच्या पत्र्यावर शाप लिहून टाकायचे, असे १३० च्या आसपास पत्रे सापडलेत, बरेचसे चोरीचे. माझा अंगरखा नेला, माझे आंघोळीचे कपडे नेले, ज्याने नेले त्याला झोप लागू देऊ नकोस, त्याचं रक्त आटू दे. कुंडाकाठी कपडे चोरीला जाणं आणि मग देवीला साकडं घालणं, मला तर ते वाचताना अगदी घरच्यासारखं वाटलं.

बसायला जायचं ते शेजारच्या थर्मे बाथ स्पामध्ये. २००६ मध्ये सुरू झालं, तेच झऱ्याचं पाणी पण स्वच्छ करून ३३.५ डिग्रीला आणलेलं, म्हणजे वज्रेश्वरीसारखा चटका नाही, न्हाणीघरातलं सोसवेल असं. गच्चीवर पूल आहे, समोर चर्चचा मनोरा, संध्याकाळी वाफेतून दिवे दिसतात. सेशन साधारण दोन तासांचं असतं, शनिवार-रविवारी महाग आणि गर्दी, मंगळ-बुधवार बघा आणि आधी बुक करा. १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, नातवंडं बरोबर असतील तर कोणीतरी त्यांना घेऊन बाहेर फिरायचं. काकूंसाठी सांगते, साडी किंवा सलवार-कुर्त्यात पाण्यात उतरता येत नाही, पोहण्याचाच कपडा लागतो, पण पूर्ण बाह्यांचे आणि पायघोळ मिळतात, ठाण्यातून घेऊनच निघा, स्वस्त पडेल. गुडघे बरे होतील असं मी लिहून देणार नाही. दोन तास हलकं वाटेल एवढं नक्की.

बाथच्या पंप रूममध्ये ते पाणी प्यायला मिळतं, त्यात ४३ खनिजं आहेत असं सांगतात. मी प्यायलेय. गंजलेल्या पिंपात उन्हात ठेवलेलं पाणी, बस. एक घोट घ्या, फोटो काढा, सोडून द्या.

स्टेशनपासून रोमन बाथ अगदी जवळ, सपाट रस्ता. पण रॉयल क्रेसेंट, म्हणजे ती ३० घरांची अर्धगोल रांग, ती चढावर आहे, गुडघ्यांसाठी टॅक्सी करा, उतरताना चालत या. बाथ ॲबे म्हणजे तिथलं मोठं चर्च, त्याच्या भिंतींवरच्या पाट्या वाचत थोडा वेळ घालवा, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत पैसा करून इथे म्हातारपणी पाणी प्यायला आलेल्या कितीतरी जणांची नावं आहेत, आपल्याकडचा पैसा शेवटी कुठे मुरला ते दिसतं. काकांना आकाशाची आवड असेल तर न्यू किंग स्ट्रीटवर १९ नंबरच्या घरात विल्यम हर्शेल राहायचा, पोटासाठी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि १७८१ मध्ये मागच्या अंगणातून दुर्बिणीतून त्याने युरेनस शोधला. छोटंसं म्युझियम आहे.

लेमिंग्टनहून बाथला ट्रेन बदलावी लागते, एका दिवसात जाऊन येता येतं पण तुमच्या वयाला एक रात्र राहाच. साठच्या वरच्यांना सीनियर रेलकार्ड मिळतं, पासपोर्ट दाखवून काढता येतं, तिकिटात एक तृतीयांश सूट, तुमच्या दोन-तीन प्रवासांतच वसूल. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स न काढता विमानात बसू नका, व्हिजिटर व्हिसावर असताना इमर्जन्सी विभागात बघतात फुकट, पण ॲडमिट केलं की बिल लागतं आणि ते सरकारी दराच्या दीडपट. आधीचं जे काही दुखणं असेल, बीपी-शुगर, ते पॉलिसीत लिहून घ्या, लपवू नका.

मुलीला वॉरिक युनिव्हर्सिटीत एक वर्षाच्या एमएस्सीला ॲडमिशन मिळाली. युनिव्हर्सिटी कॉव्हेंट्रीत आहे म्हणतात, नाव वॉरिक, आणि मुलं राहतात लेमिंग्टनला. हे काय गौडबंगाल आहे? काळजी वाटते. (नागपूरहून एक आई)

गौडबंगालच आहे, पण निरुपद्रवी. कॅम्पस कॉव्हेंट्रीच्या कडेला, वॉरिक गाव तिथून काही मैल लांब, आणि डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाची मुलं कॅम्पसवरची खोली सोडून पिढ्यान्‌पिढ्या लेमिंग्टनला येतात कारण इथे दुकानं, पब, मित्र सगळं चालत. यू-वन बस कॅम्पसला जाते, अर्धा-पाऊण तास धरा, सकाळी नऊच्या लेक्चरला मात्र भरून येते आणि न थांबता पुढे जाते, मी स्टॉपवर हताश उभी पोरं रोज बघते.

तुमच्या मुलीचं एकच वर्ष आहे. एमएस्सीला अभ्यास बेक्कार असतो, लायब्ररीत रात्री उशीर होतो, त्यामुळे पहिली पसंती कॅम्पस, ते नाही मिळालं तर कॅम्पसच्या जवळ कॅनली किंवा अर्ल्सडन, आणि मग लेमिंग्टन. तिला व्हिडिओ गेम्समध्ये जायचं असेल तर गोष्ट वेगळी, ह्या भागात गेम बनवणाऱ्या इतक्या कंपन्या आहेत की लोक गमतीने सिलिकॉन स्पा म्हणतात.

खोली घेताना इंग्लंडात राहणारा जामीन मागतात, ओळखीतलं कोणी नसेल तर पैसे घेऊन जामीन राहणाऱ्या कंपन्या असतात, युनिव्हर्सिटीच्या हाउसिंग ऑफिसला आधी विचारून मगच त्यांच्याकडे जा. घरात सगळे फुलटाइम विद्यार्थी असतील तर काउन्सिल टॅक्स लागत नाही, पण त्यात एक जरी नोकरीवाला आला तर बिल येतं, आणि मग चार पोरांत ते कोणी भरायचं ह्यावरून जे होतं ते होतं, म्हणून घरात कोण कोण आहे ते आधी विचारायला सांगा. बाकी लेमिंग्टन सुरक्षित आहे, रात्री परेडवर पोरापोरींची आरडाओरड असते, पण घाबरण्यासारखी नाही. रजई नागपूरहून पाठवू नका, वीस किलोतले चार किलो त्यातच जातील, इथे मिळते. तिखट पाठवा.

लेमिंग्टनच्या पाण्याने बद्धकोष्ठता जाते असं वाचलं. मुलगा दिवाळीला येतोय, एक बाटली मागवू का? (नाशिकहून एक वाचक)

तेवढ्यासाठी त्याच्या बॅगेत बाटली कशाला? पाण्यात क्षार असल्यामुळे थोडं रेचक आहे हे खरं. पण जुने डॉक्टर नुसतं पाणी देत नव्हते. इथले सगळ्यांत नावाजलेले डॉक्टर हेन्री जेफसन, ज्यांच्या नावाने आमची मोठी बाग आहे, ते श्रीमंत पेशंटांना पाण्याबरोबर कडक पथ्य आणि भरपूर चालणं सांगायचे. आता पोटभर खाणाऱ्या माणसाचं खाणं कमी करून रोज दोन-तीन मैल चालवला तर त्याला गोदावरीच्या पाण्याने पण गुण येईल. इसबगोल घ्या, रात्री कोमट पाण्यातून, आणि सकाळी सोमेश्वरपर्यंत चालत जा. पंधरा दिवसांत फरक नाही पडला तर डॉक्टरला दाखवा.

ताई, माझं नाव छापू नका. लग्न होऊन आठ महिने झाले, लेमिंग्टनलाच राहते, डिपेंडंट व्हिसा. हे सकाळी जातात ते सातला येतात. डिसेंबरात चारला अंधार. घरचे म्हणतात किती सुंदर गावात राहतेस, फोटो टाक. मला कधी कधी दुपारीच रडू येतं. मी नाशुकरी आहे का?

नाही गं. मला पहिल्या हिवाळ्यात असंच व्हायचं, फक्त मी रडायची नाही, झोपायची. दुपारी दोनला झोपायची आणि उठायची तर काळोख, मग आणखी वाईट वाटायचं.

तू एक कर, कामं दुपारवर ढकलू नकोस. उजेड असतो साडेआठ ते साडेतीन, त्यातला सकाळचा तास बाहेरचाच. हे गाव मुळातच बिनकामाच्या माणसांना चालवण्यासाठी बांधलंय, म्हणून तर एवढ्या बागा, एवढे बाक, एवढे सपाट रस्ते, ह्याचा फायदा आपण नाही घ्यायचा तर कोणी? जेफसन गार्डनमध्ये काचेचं घर आहे, आत गरम देशातली झाडं. पहिल्या जानेवारीत मी तिथे शिरले आणि तो ओल्या मातीचा कोमट वास आला, चष्म्यावर वाफ बसली, काही दिसेना, आणि मी तशीच दाराशी उभी राहिले कोकणातल्या मामाच्या परसात असल्यासारखी. माळीबुवांना वाटलं असेल बाई हरवली. नंतर आठवड्यातून दोनदा जायची.

पंप रूम्समधल्या लायब्ररीचं कार्ड काढ, फुकट आहे. पुस्तकं नाही वाचलीस तरी चालेल, उबदार आहे, माणसं आहेत, आणि नोटीस बोर्डवर इंग्रजी बोलायचे गट, विणकामाचे गट असलं काही ना काही लावलेलं असतं. स्टेशनच्या बाजूच्या ओल्ड टाउनमध्ये जा, पंजाबी दुकानं आहेत, कोथिंबिरीची जुडी जुडीसारखी मिळते, सुपरमार्केटमधल्यासारखी चार काड्या प्लास्टिकमध्ये नाही. ही पंजाबी मंडळी पन्नास-साठच्या दशकांत इथल्या कारखान्यांत, फाउंड्रीत राबायला आली, आजारी लोकांच्या ह्या नाजूक गावात लोखंड ओतायचं काम त्यांनी केलं, फोर्डची ती फाउंड्री मी आले त्या वर्षी बंद झाली. टॅचब्रुक पार्कजवळ त्यांचा मोठा गुरुद्वारा आहे. रविवारी जा, लंगरमध्ये जेव, आणि मग पोळ्या लाटायला बस. कोणी विचारत नाही तू कोण. मला इथली पहिली मैत्रीण त्या पोळपाटावर मिळाली, साठीच्या होत्या, माझ्या पोळ्या बघून म्हणाल्या ये तो कागज है बेटा, त्यांना जाड लागते. अजून मला फोन करतात.

शनिवारी सकाळी नऊला न्यूबोल्ड कॉमिनला पार्करन असतं, पाच किलोमीटर, चाललं तरी चालतं, पैसे नाहीत, एकदा ऑनलाइन नाव नोंदव. चढ आहे थोडा. शेवटी येणाऱ्याबरोबर एक स्वयंसेवक चालतो म्हणजे कोणी शेवटचं राहतच नाही, मी त्या स्वयंसेवकाशी गप्पा मारूनच माझं इंग्रजी सुधारलं. आणि उन्हाळ्यात व्हिक्टोरिया पार्कमध्ये म्हातारी मंडळी पांढऱ्या कपड्यांत लॉन बोल्स खेळतात ते बघ. त्याच हिरवळीवर २०२२ च्या कॉमनवेल्थमध्ये आपल्या चौघी मुलींनी साउथ आफ्रिकेला हरवून सुवर्ण घेतलं, आणि मी, घरापासून दहा मिनिटांवर, ऑफिसात बसून एक्सेल भरत होते. ती हळहळ काही जात नाही.

नवऱ्याचा व्हिसा नोकरीचा असेल तर तुला पण बहुतेक काम करता येतं, कागदावर काय लिहिलंय ते बघ. चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे धर्मादाय संस्थांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, आठवड्यातून दोन सकाळ मदत केलीस तर नंतर नोकरीला रेफरन्स मिळतो. नवऱ्याला हे पत्र दाखव, लपवू नकोस, त्याला माहीतच नसेल. आणि रडू रोज येत असेल, भूक-झोप गेली असेल, तर जीपीकडे, म्हणजे आपल्या भागातल्या डॉक्टरकडे जा, नाहीतर एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, टॉकिंग थेरपीला स्वतःच नाव देता येतं, जीपीची चिठ्ठी लागत नाही. व्हिसा काढताना आरोग्याचे पैसे एकरकमी भरलेत ना आपण, मग वापर की. मासिकाच्या पत्त्यावर तुझा नंबर कळव, संपादक माझ्यापर्यंत पोचवतील. मी येते काचघरापाशी.

हत्ती कोणाचे होते आणि नदीत का? आमच्या सांगलीला गणपतीचा हत्ती असायचा. (सांगलीहून, इयत्ता सहावी)

शाब्बास, मुद्द्याचं विचारलंस. सॅम लॉकहार्ट नावाचे हत्ती शिकवणारे लेमिंग्टनचेच होते, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांच्या हत्तिणी सर्कशीत कामं करायच्या, आणि गावात असल्या की विलिस रोडच्या पुलाजवळच्या उतारावरून त्यांना लेम नदीत धुवायला न्यायचे. गावातल्या मोठमोठ्या डॉक्टरांचे पेशंट पैसे भरून टबात बसायचे आणि हत्तिणी फुकटात नदीत. तो उतार अजून आहे, मी कालच बघून आले. आता तिथे बदकं असतात, आणि ती पावासाठी पायाला चोच मारतात.